विषय: ओळखीतल्या लोकांना बिटकॉइन विकण्याबाबत

सप्रेम नमस्कार,

मी ऑर्लँडोजवळ राहतो. माझ्याकडे काही वर्षांपासून थोडे बिटकॉइन आहेत. मंडळातील तीन-चार कुटुंबांनी ते माझ्याकडून रोखीने घेतले आणि आता आणखी काही जण विचारत आहेत. बाजारभावापेक्षा मी दोन टक्के जास्त घेतो. माझी स्वतःचीच वस्तू विकतो, कोणाचे पैसे कुठे पाठवत नाही. मग पैसे पोचवण्याच्या धंद्याच्या परवान्याचा प्रश्न येतोच कुठे, असे मला वाटत होते. परंतु एका स्नेह्यांनी सावध केले आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

— ऑर्लँडोचा सभासद

नमस्कार,

तुमच्या स्नेह्यांनी सावध केले हे बरे झाले. मी वकील नाही, पण बँकेत मनी लाँडरिंग प्रतिबंधक विभागात काम करते, त्यामुळे हा विषय रोजचा आहे.

तुम्ही मांडला तसाच युक्तिवाद आपल्या फ्लोरिडात होऊन गेला आहे. 2014 साली मायामी बीचला एका माणसाने ग्राहक बनून आलेल्या पोलिसाला रोख घेऊन बिटकॉइन विकले. 2016 मध्ये न्यायाधीशांनी त्याच्यावरील विनापरवाना पैसे पोचवण्याचे वगैरे आरोप रद्द केले. पण जानेवारी 2019 मध्ये अपील न्यायालयाने तो निकाल फिरवला, कारण त्रयस्थाकडे पैसे पोचवले पाहिजेत अशी अट राज्याच्या तेव्हाच्या कायद्यात नव्हती. पुढे कायदाच दुरुस्त झाला. 1 जानेवारी 2023 पासून बिटकॉइनसारख्या आभासी चलनाच्या बाबतीत, व्यवहार एकतर्फी पूर्ण करण्याची किंवा बेमुदत अडवून ठेवण्याची क्षमता असलेल्या मध्यस्थालाच राज्याचा परवाना लागतो. तुम्ही स्वतःचेच बिटकॉइन विकता, म्हणजे राज्याच्या बाजूने तुमची चिंता बरीच कमी झाली आहे.

खरी अडचण केंद्रीय कायद्याची आहे. अमेरिकेच्या अर्थखात्यातील फिनसेन या विभागाने मार्च 2013 मध्येच स्पष्ट केले की, जो आभासी चलनाच्या खरेदी-विक्रीचा धंदा करतो तो पैसे पोचवणारा व्यावसायिक ठरतो, मग तो एकटा माणूस का असेना. क्वचित आणि नफ्याच्या हेतूविना विकणाऱ्याला सूट आहे. पण तुमचे दोन टक्के आणि वाढती गिऱ्हाइके पाहता त्या सुटीवर भिस्त ठेवणे मला फार धोक्याचे वाटते. धंदा ठरला, तर 180 दिवसांत नोंदणी, ग्राहकांची ओळख पटवण्यासह लेखी नियमावली आणि एका दिवसात 10,000 डॉलरांहून अधिक रोख आल्यास अहवाल, हे सगळे येते. नोंदणीविना धंदा केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. एप्रिल 2019 मध्ये अशाच एकट्या विक्रेत्याला फिनसेनने 35,000 डॉलर दंड केला होता.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगते. कोणी म्हणाले, "हे बिटकॉइन परस्पर माझ्या पुण्याच्या भावाच्या वॉलेटवर टाका," तर मुळीच टाकू नका. तिथे तुम्ही विक्रेते न राहता मूल्य पोचवणारे होता. तसेच घेणारा दुसऱ्या राज्यातला असेल तर तिथला कायदाही पाहावा लागेल. न्यूयॉर्कमध्ये 2015 पासून वेगळाच परवाना आहे.

— टॅम्पाची सभासद

ताई,

मनःपूर्वक आभार. शनिवारी ठरलेला व्यवहार मी आजच रद्द केला. झालेल्या विक्रीच्या तारखा आणि रकमा लिहून काढल्या असून, येत्या आठवड्यात त्या वकिलांना दाखवणार आहे. दोन टक्क्यांचा एवढा अर्थ होतो याची मला कल्पना नव्हती.

— ऑर्लँडोचा सभासद