गिम्प ३.० : खरी गंमत फिल्टरमध्ये
गिम्प म्हणजे फोटो-चित्रं सुधारायचं मोफत सॉफ्टवेअर. सगळे त्याच्या ३.० आवृत्तीच्या नव्या रूपाबद्दलच बोलताहेत, पण मला विचाराल तर मोठा बदल फिल्टरचा आहे. मार्च २०२५ मध्ये ही आवृत्ती येईपर्यंत एकदा ब्लर (चित्र धूसर करणारा फिल्टर) मारला की तो चित्रात मुरायचा. कमी करायचा तर अनडू करत मागे जा, मधलं कामही घालवा. आता लेयरच्या (चित्राच्या एकावर एक रचलेल्या थराच्या) ओळीत ‘एफएक्स’ असं चिन्ह दिसतं. त्यावर टिचकी मारून डोळ्याचं चिन्ह बंद केलं की ब्लर गायब! काल धूसर केलेल्या पार्श्वभूमीचा ब्लर आज फाइल पुन्हा उघडून थोडा कमी केला. मात्र फाइल एक्ससीएफ या गिम्पच्या स्वतःच्या फॉरमॅटमध्येच ठेवा. जेपेगमध्ये सगळं एकजीव होतं. अनेक लेयर एकदम निवडता येतात, तेही (उशिरा का होईना) बरं झालं.