मदत हवी आहे: बेसबॉल गेममध्ये टीम कशी बसवू?

मंडळी, सोलापुरातनं विचारतोय, इकडं बेसबॉल कळणारं कुणी भेटंना. मॅनेजरवाला सिम्युलेशन गेम खेळतोय, एमएलबीचे (अमेरिकेतली मोठी बेसबॉल लीग) नियम, रोस्टर म्हणजे टीमची यादी 26 जणांची आणि त्यात पिचर (बॉल टाकणारे) जास्तीत जास्त 13. मी सगळा पैसा होमरन मारणाऱ्यांवर घातला, रन निघतात पण शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला फील्डर) आणि सेंटर फील्डला पण तसलेच जड गडी उभे केलेत त्यामुळं सोपे बॉल सुटतात, आणि पाच स्टार्टर (मॅच सुरू करणारे पिचर) धरले की बुलपेनला (नंतर येणाऱ्या पिचरांना) आठच उरतात, ते रोज वापरून दमतात मग सातव्या इनिंगनंतर मॅच हातची जाते. डीएच (पिचरच्या जागी फक्त बॅटिंग करणारा) धरून बेंचवर चारच, त्यात एक कॅचर लागतोच, बाकी तिघं कसले घ्यावेत? एखादा मोठा बॅटर ट्रेड करून चांगला शॉर्टस्टॉप आणू, का आधी बुलपेन बघू? सांगा ओ, लय जीव लावलाय या टीमला.