‘इकारी वॉरियर्स’ची फिरती दांडी आणि आजचा गेमपॅड: तडजोड कुठवर चालेल?

लातूरकर:
आमच्या लहानपणी बसस्थानकाजवळच्या व्हिडिओ गेमच्या दुकानात सगळ्या यंत्रांना एकाच तऱ्हेची, आठ दिशांना झुकणारी दांडी असे, आणि ज्या खेळाला आपण सगळे ‘मुस्तफा’ म्हणत होतो त्या ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ला (१९९३) ती पुरतही असे. पुढे मेम या एम्युलेटरमुळे, म्हणजे जुन्या यंत्रांचे खेळ संगणकावर चालवणाऱ्या प्रोग्राममुळे (पहिली आवृत्ती १९९७), असे खेळ घरच्या संगणकावर आले, ज्यांची मूळ नियंत्रणे आपण कधी पाहिलीही नव्हती. ‘इकारी वॉरियर्स’मध्ये (१९८६) दांडी झुकवली की सैनिक चालतो आणि तीच दांडी पिळली की त्याची बंदूक वळते. माझे मत असे की अशा दांडीच्या मागे लागण्याचे कारण नाही. गेमपॅडवर अंगठ्याने ढकलायच्या दोन लहान दांड्या, म्हणजे अॅनालॉग स्टिक, असतात; डाव्या स्टिकवर चालणे आणि उजव्या स्टिकवर नेम ठेवला की काम भागते. ‘रोबोट्रॉन: २०८४’ला (१९८२) तर मुळातच दोन दांड्या होत्या, आजचा गेमपॅड त्याचाच वारस आहे.

परभणीकर:
‘रोबोट्रॉन’चे उदाहरण मान्य आहे, परंतु त्यावरून ‘इकारी’चा निकाल लावता येत नाही. त्या दांडीच्या एका पूर्ण फेऱ्यात १२ खटके आहेत, म्हणजे एका खटक्याला ३० अंश. पाठीमागून आलेल्या शत्रूवर नेम धरायचा तर सहा खटके पिळावे लागतात, आणि तेवढ्या वेळात आपण मरू शकतो, हीच त्या खेळातली खरी धास्ती आहे. उजवी स्टिक मागे ढकलली की बंदूक क्षणात वळते. आपण जिला सोय म्हणता, तिला मी सवलत म्हणेन.

‘टेम्पेस्ट’ची (१९८१) अडचण उलटी आहे. तिथे दांडीच नाही, हवी तितकी फिरणारी गोल मूठ आहे; ती जितकी फिरवाल तितकेच यान जाळ्याच्या काठावरून सरकते आणि हात थांबला की तेही थांबते. अॅनालॉग स्टिक स्प्रिंगमुळे पुन्हा मध्यावर येते, त्यामुळे तिच्याकडून अंतर कळत नाही, केवळ वेग कळतो, आणि नेमक्या घरापाशी थांबायला जावे तर यान पुढे निघून गेलेले असते.

जालनाकर:
‘टेम्पेस्ट’साठी गेमपॅड बाजूला ठेवून साधा माउस वापरून पाहावा, कारण माउसही अंतरच सांगतो. मी एक पाऊल पुढे गेलो. गोळीवाल्या जुन्या माउसमध्ये खाचा असलेली बारीक चाके असतात. चाक फिरले की खाचांमुळे प्रकाश अडतो आणि सुटतो, व त्यावरून फिरणे मोजले जाते. आर्केडच्या, म्हणजे दुकानातल्या खेळयंत्राच्या, गोल मुठीचे तत्त्वही हेच. पोलादाच्या आमच्या गावात भंगाराला तोटा नाही, तेव्हा बंद पडलेल्या हार्डडिस्कची मोटर आणली, तिच्या गुळगुळीत बेअरिंगवर मूठ बसवली आणि माउसचे चाक तिला जोडले. पहिल्या खेपेस चाक किंचित वाकडे चिकटल्याने यान दर फेऱ्याला एकदा अडखळत होते. ते काढून पुन्हा मधोमध बसवावे लागले.

लातूरकर:
‘टेम्पेस्ट’बाबत मी माघार घेतो. ‘इकारी’बाबत मात्र घेणार नाही, कारण उजव्या स्टिकऐवजी गेमपॅडच्या वरच्या कडेची दोन बटने डावीकडे आणि उजवीकडे एकेक टप्पा वळण्यासाठी नेमता येतात. मग पाठीमागे वळायला सहा वेळा बटन दाबावेच लागते. आपण म्हणता ती सवलत उरते कुठे?

परभणीकर:
ती हातात उरते. मूळ यंत्रावर चालणारा आणि पिळणारा हात एकच होता, दुसरा हात गोळी आणि बॉम्बच्या बटनांवर गुंतलेला असे. पळता पळता पिळताना दांडी भलत्याच दिशेला झुके आणि माणूस नदीकाठी अडकून मरे. आपल्या मांडणीत ही गफलत होऊच शकत नाही. खटक्यांचे गणित मात्र आपण बरोबर जुळवले आहे.