पाळी लांबली, नग वाढले. मग उत्पादकता वाढली का?

अंबडचा सुपरवायझर:
नमस्कार. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत एका लहान कारखान्यात मी काम करतो. आठ तासांच्या पाळीत आमचे 160 नग निघत. मागणी वाढल्यावर पाळी बारा तासांची झाली आणि आता 216 निघतात. मालक म्हणतात उत्पादकता वाढली, कामगार म्हणतात थकवा वाढला. बरोबर कोणाचे, आणि अर्थशास्त्रात या शब्दाला एवढे महत्त्व का?

अर्थशास्त्राचा शिक्षक:
उत्तर आपल्याच आकड्यांत आहे. ताशी 20 नगांवरून आपण 18 वर आलात, म्हणजे उत्पादन 35 टक्क्यांनी वाढले आणि श्रमाची उत्पादकता 10 टक्क्यांनी घटली. एकूण किती निघाले ते उत्पादन. तास, यंत्र, वीज, कच्चा माल यांपैकी जे खर्ची पडले त्याच्या प्रत्येक एककामागे किती निघाले, ती उत्पादकता. ती वाढली तरच मालाचा भाव न चढवता आणि नफा न कापता मजुरी वाढवता येते. देशाचेही तसेच आहे. अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट सोलो यांनी 1957 साली अमेरिकेच्या 1909 ते 1949 या काळाचा हिशेब मांडला, तेव्हा श्रमाच्या तासामागचे उत्पादन सुमारे दुप्पट झालेले दिसले आणि त्या वाढीतला जेमतेम आठवा हिस्सा वाढीव भांडवलाचा निघाला. उरलेले सात त्यांनी तंत्रातील बदलाच्या खाती टाकले, ज्यात कामगारांचे शिक्षणही येते.

सातपूरचा सेटर:
पाळीतला वेळ कुठे जातो ते आधी घड्याळ लावून पाहा. आमच्या सीएनसीवर, म्हणजे संगणकाच्या आज्ञेने कापणाऱ्या यंत्रावर, जॉब बदलताना जॉ (नग धरणारी पकड), टूल आणि गेज (मापाचे साधन) शोधत स्टोअरच्या फेऱ्या होत, आणि तोवर स्पिंडल, म्हणजे यंत्राचा फिरता दांडा, बंद. चालू जॉब संपण्याआधीच पुढचे सामान ट्रॉलीवर लावून ठेवू लागलो, तेव्हा पुढच्या जॉबसाठी यंत्र जुळवण्याचे, म्हणजे सेटिंगचे, 50 मिनिटांचे काम 20 वर आले. नवे यंत्र घ्यावे लागले नाही. आणि रिजेक्ट झालेले नग आपण वजा केलेत का? दहाव्या तासानंतर माप चुकते, हे मी स्वतः अनुभवले आहे.

निफाडचा बागायतदार:
द्राक्षातही तेच. एका वर्षी विरळणी कमी करून घड जास्त ठेवले. एकरी वजन वाढले, पण मणी फुगले नाहीत आणि निर्यातीसाठी धरलेला माल बेदाण्याला द्यावा लागला. तेव्हापासून एकरी टनांशेजारी, घातलेल्या रुपयामागे किती आले आणि पाणी किती लागले, हेही वहीत लिहितो.

अंबडचा सुपरवायझर:
रिजेक्ट वजा केले नव्हते. आज नोंदवही पाहिली: पूर्वी पाळीला एखाददुसरा नग जाई, आता 12 जातात. म्हणजे चांगले नग ताशी 17 च. हा कागद उद्या मालकांपुढे ठेवतो, आणि ट्रॉलीचेही विचारतो.