गणपतीपूर्वी एकच लेन्स घ्यायची आहे : १७, २० की २५ मिमी?

प्रश्न

नमस्कार. माझ्याकडे ऑलिंपसचा ई-एम१० मार्क २ हा कॅमेरा असून त्याच्यासोबत आलेली १४-४२ मिमीची झूम लेन्स (मिमीचा आकडा जितका लहान, तितके रुंद दृश्य मावते) मी गेली पाच वर्षे वापरते आहे. दिवसाउजेडी तिच्याविषयी माझी काहीही तक्रार नाही. अडचण येते ती चतुर्थीच्या दिवसांत. आमचे घर कुडाळजवळच्या एका गावात आहे. गणपती माजघरात बसतो, वर माटवी (फळे-पाने टांगायची लाकडी चौकट) बांधलेली असते, उजेड समयांचा आणि एका ट्यूबलाइटचा, आणि रात्री आरती-भजन आटोपले की घरातल्या मुली आणि सुना त्याच जागेत फुगड्या घालतात. गेल्या वर्षीच्या फोटोंत माटवीला टांगलेल्या सुपाऱ्या एकेक मोजता येतील इतक्या स्पष्ट आल्या आहेत, आणि फुगडी घालणाऱ्यांचे चेहरे मात्र पुसून काढल्यासारखे.

त्यामुळे मोठ्या अ‍ॅपर्चरची, म्हणजे जास्त प्रकाश आत घेणारी (एफपुढचा आकडा लहान असलेली) एकच लेन्स घ्यावी, गरज पडल्यास वापरलेली घ्यावी, असे ठरवले आहे. ऑलिंपसची १७ मिमी एफ/१.८, पॅनासॉनिकची २० मिमी एफ/१.७ आणि ऑलिंपसची २५ मिमी एफ/१.८ या तिघींपैकी कोणती योग्य ठरेल? माझ्या चुलत भावाचे म्हणणे असे की, लहान सेन्सरवर (कॅमेऱ्यातील चित्र टिपणाऱ्या पट्टीवर) एफ/१.८ म्हणजे प्रत्यक्षात एफ/३.६, तेव्हा पैसे घालवण्यात अर्थ नाही. यात तथ्य किती?

उत्तर १

आधी भावाच्या म्हणण्याविषयी, कारण हा घोळ सर्वत्र आहे. पार्श्वभूमी किती धूसर होईल एवढ्यापुरते त्यांचे म्हणणे बरोबर आहे. मायक्रो फोर थर्ड्सवरची (आपल्या कॅमेऱ्यातील सेन्सरच्या आकारावरची) एफ/१.८ ही फुल फ्रेमवरच्या (त्याच्या दुप्पट रुंद सेन्सरवरच्या) एफ/३.६ इतकीच धूसरता देते. परंतु शटरचा वेग ठरवताना एफ/१.८ म्हणजे एफ/१.८च. आपली झूम लेन्स १७ मिमीच्या आसपास एफ/४च्या पुढेमागे असते, तेथून एफ/१.८वर आल्यास जवळजवळ पाचपट प्रकाश मिळतो, म्हणजे ज्या आयएसओवर (सेन्सरच्या प्रकाश-संवेदनशीलतेच्या आकड्यावर) आज १/२५ सेकंद मिळत आहे तेथे १/१२५ मिळेल. सुपाऱ्या स्पष्ट आणि चेहरे पुसट येण्याचे कारणही हेच आहे. आपल्या कॅमेऱ्यातील पाच अक्षांचे स्थिरीकरण आपला हात सावरते. समोरची फिरणारी मुलगी त्याला सावरता येत नाही.

आता अंतर. दहा फुटांवरून आडवा फोटो घेतल्यास २५ मिमीत सुमारे सात फूट रुंदीचे दृश्य मावते, २० मिमीत साडेआठ फुटांहून थोडे अधिक आणि १७ मिमीत दहा फूट. माजघरात भिंतीला पाठ टेकल्यावर दहा फूट तरी मिळतात का, हे टेप घेऊन एकदा मोजावे. मिळत नसतील तर २५ मिमीचा विचार सोडून द्यावा, कारण फुगडीतल्या एकीचा पदर तरी चौकटीबाहेर जाणारच.

२० मिमीची लेन्स मला व्यक्तिशः फार प्रिय आहे. वजन जेमतेम शंभर ग्रॅम, जाडी बिस्किटाच्या पुड्याएवढीही नाही, आणि चित्र धारदार. मात्र ती फोकस करताना आतले सगळे भिंगच पुढेमागे सरकवते, त्यामुळे अंधारात घुर्र घुर्र करत राहते आणि तोवर फुगडी संपून झिम्मा सुरू झालेला असतो. देऊळ, वाडा, वाढलेले पान यांसाठी ती उत्तम आहे. आपल्या कामासाठी नाही.

उत्तर २

वरील उत्तराशी बहुतांशी सहमत असूनही २५ मिमीची बाजू मांडतो. १७ मिमीने चेहरा चौकटभर घ्यायचा तर फार जवळ जावे लागते आणि नाक मोठे दिसू लागते. आजीचा समईच्या उजेडातला चेहरा टिपायचा असेल, तर २५ मिमीला पर्याय नाही. माझ्याकडे दोन्ही आहेत. वर्षभर कॅमेऱ्यावर २५ असते.

तरीही एकच प्रयोग करून पाहा. आपल्या झूम लेन्सवर आकडे लिहिलेलेच आहेत. एका संध्याकाळी ती १७वर ठेवून घरात फिरा, दुसऱ्या संध्याकाळी २५वर, आणि मध्ये झूमला हात लावू नका. त्याखेरीज जुने फोटो संगणकावर उघडले की प्रत्येक फोटो किती मिमीवर घेतला होता याची नोंद दिसते. आपला हात नकळत कोठे थांबतो हे तेथे कळेल.

उत्तर ३

फुगडीचाच विचार असेल तर आणखी एक मुद्दा १७ मिमीच्या पारड्यात पडतो. एफ/१.८वर दहा फुटांवर फोकस केल्यास १७ मिमीत साधारण सहा फूट खोलीचा भाग स्पष्ट राहतो, तर २५ मिमीत जेमतेम अडीच फूट. गोल फिरणाऱ्या दोघी क्षणाक्षणाला पुढेमागे होतात, त्यामुळे ही खोली चैनीची नव्हे, गरजेची आहे.

शटर १/१२५ऐवजी १/१०० ठेवावे आणि इलेक्ट्रॉनिक शटर (पडदा न हलवता आवाजाविना फोटो घेण्याची सोय) बंद ठेवावे, असे मी सुचवेन. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची असल्याने जुनी ट्यूब आणि स्वस्त एलईडी माळा सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. १/१००मध्ये एक पूर्ण लुकलुक मावते आणि फोटोवर काळे पट्टे येत नाहीत. मी एका लग्नात हे न कळल्याने शंभरेक फोटो पट्टेदार करून ठेवले होते.

१७ मिमीच्या फोकस रिंगविषयीही सावध करतो. ती मागे ओढली की अंतराचे आकडे उघडे पडतात आणि लेन्स हाताने फोकस करण्याच्या स्थितीत जाते. पिशवीतून काढताना ती आपोआप मागे सरकते. माझ्या हातून असे झाले तेव्हा लेन्स बिघडली असे समजून मी दुरुस्तीसाठी थेट मुंबई गाठली होती. काउंटरवरच्या गृहस्थांनी काही न बोलता रिंग पुढे ढकलून लेन्स परत हातात दिली.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

सर्वांचे आभार. माजघर मोजले: गणपतीसमोरची जागा सोडल्यास भिंतीपासून नऊ फूट. जुने फोटोही पाहिले. रात्रीचे जवळजवळ सगळे १४ ते १८ मिमीच्या दरम्यान आहेत. तेव्हा १७ नक्की. एक वापरलेली मिळते आहे, किंमत आवाक्यात आहे, मात्र विक्रेता लिहितो की आत ‘किंचित धाग्यासारखे काहीतरी’ आहे आणि फोटोवर परिणाम होत नाही. घ्यावी का? की २०२५मध्ये आलेली दुसरी आवृत्ती पाहावी?

उत्तर ३

ते धागे म्हणजे बुरशी. कोकणातल्या पावसाळ्यात ती वाढेल आणि त्याच कपाटातली आपली झूमही धोक्यात येईल. स्वस्तातही घेऊ नये. दुसऱ्या आवृत्तीला पाण्याच्या शिंतोड्यांपासून संरक्षण आहे, परंतु आपल्या कॅमेऱ्यालाच ते नसल्याने त्याचे जास्तीचे पैसे देण्यात हशील नाही. पहिल्याच आवृत्तीची दुसरी प्रत शोधावी, मोबाइलचा टॉर्च मागच्या बाजूने तिरका धरून आत पाहावे आणि मगच पैसे द्यावेत. घरी आणल्यावर झाकणाच्या हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या (ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या) पुडीसह ठेवावी. कपाटात, साड्यांच्या घडीत नव्हे.