28 तासांच्या शर्यतीत जीपीएस घड्याळ शेवटपर्यंत कसं टिकवायचं?

लांबपल्ला: 160 किमीची ट्रेल शर्यत आहे, मला साधारण 28 तास लागतील. घड्याळ गार्मिन फोररनर 255. कंपनीचे आकडे: फक्त जीपीएसवर 30 तास, सगळ्या उपग्रह प्रणालींवर (जीपीएस आणि इतर देशांच्या तशाच प्रणाली) 25, मल्टिबँडवर (उपग्रहांचे एकाहून जास्त फ्रिक्वेन्सींवरचे सिग्नल घेणं) 16. पण सगळ्या प्रणाली चालू ठेवून 3 तासांच्या सरावात 14 टक्के बॅटरी उतरली. नेमकं काय बंद करू? अल्ट्राट्रॅकसारखा, विरळ नोंदी घेऊन बॅटरी वाचवणारा मोड वापरावा का?

सावकाश_चढ: 14 भागिले 3 म्हणजे तासाला 4.7 टक्के, म्हणजे जेमतेम 21 तास. छापील आकड्यापेक्षा हाच खरा धरा, आणि एका वेळी एकच सेटिंग बदलून दर वेळी किमान 2 तास मोजा. सगळं एकदम बंद केलंत तर कशाने किती वाचलं ते कळणारच नाही.

उपग्रहांचा मोड सोडला तर बॅटरी खाणाऱ्या गोष्टी तीन. पहिली, मनगटावरचा हृदयगती सेन्सर. छातीचा पट्टा लावला म्हणजे मागचे हिरवे दिवे विझतातच असं नाही. घड्याळ काढून उलटं करून बघा; दिवे चालू दिसले तर सेन्सर सेटिंगमधून बंद करा. रक्तातल्या ऑक्सिजनचं मोजमापही बंद. दुसरी, बॅकलाइट. हात वळवला की उजळण्याची सोय चालू असेल तर काठ्या घेऊन चालताना रात्रभर दर पावलाला स्क्रीन पेटत राहते. प्रकाश फक्त बटणावर ठेवा, तोही मंद. तिसरी, फोनची जोडणी: नोटिफिकेशन आणि लाइव्ह लोकेशन. मात्र ती तोडण्याआधी, शर्यतीच्या सकाळी, एकदा सिंक करा. उपग्रहांची ताजी माहिती उतरलेली असली की सिग्नल पटकन सापडतो.

‘स्मार्ट रेकॉर्डिंग’वर भिस्त ठेवू नका. त्याने नोंदी विरळ होतात, मेमरी वाचते. जीपीएस चिप मात्र चालूच असते.

कंदील: अल्ट्राट्रॅक टाळाच. अशा मोडमध्ये जीपीएस मधून मधून झोपतं. 8 मिनिटांना एक किमी या वेगाने मिनिटाला एकच बिंदू मिळाला तर दोन बिंदूंमध्ये 125 मीटर जातात. नागमोडी वाटेचा एकेक पदर 40 मीटरचा असेल तर तीन वळणं गायबच झाली. अंतर कमी भरतं, पेस (एका किमीला लागणारा वेळ) निरर्थक होते, आणि वाट चुकल्याचे खोटे इशारे येतात ते वेगळंच.

त्यापेक्षा वाटेत चार्ज करा. घरी आधी हे तपासा: नोंद सुरू करा, पॉवर बँकेला जोडा आणि टायमर पळतोय का ते बघा. घड्याळ इतका कमी करंट ओढतं की बऱ्याच पॉवर बँका ‘काहीच जोडलेलं नाही’ असं समजून काही मिनिटांत बंद पडतात. कमी करंटचा मोड असलेली बँक घ्या, किंवा दुसऱ्या पोर्टला हेडलॅम्प लावा, म्हणजे ती जागी राहते.

पिना मागच्या बाजूला असल्यामुळे हातावर चार्ज करणं अवघड. घड्याळ पाठपिशवीच्या खांद्याच्या पट्ट्यावर, तोंड वर करून बांधा, केबलला थोडी ढील द्या. जोडण्याआधी पिनांवरचा घाम साध्या पाण्याने धुऊन कोरडा करा. ओल्या, खारट पिनांतून वीज गेली की त्या गंजतात.

दगडगोटे: चार्ज कधी करायचं तेही महत्त्वाचं. लिथियम बॅटरी साधारण 80 टक्क्यांपर्यंत भरभर भरते, मग करंट कमी होत जातो. त्यामुळे 30-40 टक्क्यांवर लावा आणि 80 ला काढा. 100 ची वाट बघण्यात वेळ जातो. थंडीत बॅटरीचा अंतर्गत रोध वाढून व्होल्टेज घसरतं आणि चार्ज शिल्लक असूनही घड्याळ बंद पडू शकतं, म्हणून ते बाहीखाली ठेवा. शून्याखालच्या तापमानात चार्ज तर करूच नका, बॅटरी कायमची खराब होते. चार्जिंग अंधार पडण्याआधीच उरका.

लांबपल्ला: म्हणजे फक्त जीपीएस, छातीचा पट्टा, आणि संध्याकाळी एकदा चार्ज. पण मधला 20 किमीचा टप्पा खोल दरीतून, दाट झाडीतून आहे. तिथे फक्त जीपीएस पुरेल?

कंदील: तिथे नकाशावर तुमच्या वाटेची रेघ वेडीवाकडी येईल. कंपनीच्याच आकड्यांनी 30 तास म्हणजे ताशी 3.3 टक्के, 25 तास म्हणजे 4. फरक 0.7 चा, 28 तासांत जेमतेम 19 टक्के. एकदा चार्ज करणारच आहात, तर सगळ्या प्रणाली चालू ठेवा आणि ते 19 टक्के जास्तीचे भरून घ्या. मल्टिबँड मात्र नको. आणि अंतर चुकू शकतं, म्हणून खाण्यापिण्याचे अलार्म किलोमीटरवर न लावता घड्याळाच्या वेळेनुसार लावा.