वय की लोह?
चाळिशीनंतर धावण्याचा वेग घटतोच, ते मुकाट्याने स्वीकारावं, असं बऱ्याचदा म्हटलं जातं. वयाबरोबर दमसास कमी होतो हे खरं, पण सगळं वयाच्या माथी मारणं मला पटत नाही. अमेरिकन धावपटू जोन बेनॉइट सॅम्युअलसनने 1984 च्या ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन 2:24:52 मध्ये जिंकली आणि पन्नासाव्या वर्षी, 2008 मध्ये, 2:49:08 मध्ये धावली. चोवीस वर्षांत पंचवीस मिनिटंही गेली नाहीत. ती असामान्यच, पण आपल्यासारख्यांचा वेग दोन-चार महिन्यांत ढासळला तर कारण वेगळं शोधायला हवं.

माझं त्रेचाळिसाव्या वर्षी तसंच झालं. साताऱ्याजवळचा यवतेश्वरचा घाट एका दमात चढणारी मी दुसऱ्याच वळणावर कठड्याला धरून उभी. पाय शिशाचे, छातीत धडधड. हिमोग्लोबिन 12.1, म्हणजे कागदावर ठीक, म्हणून ‘वय झालं’ असंच ऐकलं. दुसऱ्या डॉक्टरांनी फेरिटिन (रक्तातलं हे प्रमाण शरीरातला लोहाचा साठा दाखवतं) तपासायला लावलं, ते निघालं 9! लोहाचा साठा जवळजवळ संपलेला. पाळी बंद व्हायच्या आधीच्या वर्षांत अनेकींना रक्तस्राव जास्त होतो, तसा मलाही होत होता, आणि तो मी कधी धावण्याशी जोडलाच नव्हता. त्यावर उपचार, लोहाच्या गोळ्या आणि जेवणावरचा चहा बंद (चहाने अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही). पाच महिन्यांनी तोच घाट न थांबता चढले. तेव्हा बायांनो, वेग अचानक पडला तर हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही तपासून घ्या. गोळ्या मात्र मनाने सुरू करू नका.